हातचा

खाणीच्या इस्पितळात मी नर्स होते.
चिरडलेली बोटं बांधायची, फाटलेले तळवे शिवायची.
म्हणून हेगाय मला शोधत आला, टोपीवरचा बर्फही न झटकता:
"एक पोरगा आहे. समोरच्याचा जबडा राहू दे,
याचाच हात आधी मोडेल."

मेइराम तेव्हा एकोणीसचा.
उजवा ठोसा तो खांद्याच्याही मागून काढायचा,
खाणीच्या तळातून कोळशाची गाडी ओढून आणावी तसा,
आणि तरीही लोक पडायचे.
त्याच्या पहिल्या अकरा लढती मिळून
एक पेला चहा निवेपर्यंतही टिकल्या नाहीत.
आणि कारागांदात चहा फार लवकर निवतो.

मी पट्टी बांधायची. उजव्यावर सात थर,
डाव्यावर तीन. डाव्याला काय होणार होतं?

हेगाय उजव्या हाताबद्दल अवाक्षर काढत नसे.
त्याने फरशीवर खडूने रेघा मारल्या,
पोराच्या घोट्यांना सायकलची ट्यूब बांधली,
आणि अख्खा हिवाळा उजवा हात जाकिटाच्या खिशात.
"देवाने ताकद दिलीय मला!" पोरगा ओरडला.
हेगायच्या आजीला आगगाडीतून याच माळावर
उतरवलं होतं, पदरात बांधलेल्या भाताच्या बियाण्यासकट.
तो म्हणाला,
"दिलेलं कुणीही काढून घेतं. पाय उचल."

बारावी लढत ताश्कंदच्या एका उंच माणसाशी.
तो माणूस तिथे नव्हताच.
आठ फेऱ्या मेइराम त्याच्या जागेला मारत राहिला.
हवेला मारलेल्या ठोशाचीही किंमत खांदा मोजतो.
परतीच्या बसमध्ये हेगाय एवढंच बोलला:
"बेरीज येते तुला. हातचा विसरतोस."

सव्विसाव्या वर्षी करंगळीमागचं हाड मोडलं.
प्लॅस्टर मीच घातलं.
तीन महिने तो डाव्या हाताने जेवला, दाढी केली,
बायकोच्या शिव्या खात दोरीवर कपडे वाळत घातले.
मग पोत्यासमोर उभा राहिला
आणि डावा हात, इतकी वर्षं मुका,
हलकेच पुढे जाऊन विचारू लागला:
आहेस का?
अजून आहेस का?
आता कुठे आहेस?

मला ठोसे कळत नाहीत. मला कापूस कळतो, चिकटपट्टी कळते.
दोन्ही हातांच्या पट्ट्या सारख्याच मळू लागल्या, ते मी पाहिलं.
त्याच्या उजव्या बुटाचा चवडा
डाव्याच्या दुप्पट झिजलेला पाहिला.
म्हणजे ठोसा आता खांद्यातून निघत नव्हता.
तो जमिनीतून यायचा, कंबरेत वळायचा,
मूठ त्याचं फक्त शेवटचं स्टेशन.

हेगायचे डोळे गेले. तो खुर्ची टाकून बसायचा
आणि पावलं ऐकायचा. एकदा म्हणाला,
"काही ऐकू येत नाही."
त्या बोळक्या तोंडाला इतकं हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

पस्तिसाव्या वर्षी समोर आला एक बाविशीचा,
खांद्याच्याही मागून ठोसा काढणारा.
मेइरामच्या चेहऱ्यावर कोपऱ्यातून मला दिसलं
ते हसू नव्हतं,
जुना फोटो सापडल्यावर होतं तसं काहीतरी.
आठ फेऱ्या तो फक्त विचारत राहिला.
पोरगा उत्तरं देऊन देऊन दमला.
नवव्या फेरीत मेइरामचं डावं पाऊल
चार बोटं बाहेर सरकलं,
उजवी टाच वळली,
आणि वीतभर, फार तर वीतभर अंतर.

पोरगा बसला. सभागृह गप्प,
कारण कुणाला काही दिसलंच नव्हतं.

खोलीत मी कात्रीने पट्ट्या कापल्या.
वर्षानुवर्षांच्या सवयीने सुजेची वाट पाहत
बोटांची पेरं एकेक दाबून बघितली.
"दुखतंय?"
त्याने हात उलटा केला, सुलटा केला,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.
"नाही," म्हणाला.
"पुरता वापरलाच नाही."